लहान कुत्र्याला जखम कशाने झाली, हे कसे शोधावे

रात्री धडधाकट असलेले कुत्रे सकाळी रक्ताळून अंगणात आले, की घरातले आधी हळद नाहीतर जळके ऑइल शोधू लागतात. कृपया ते लावू नये, कारण मुके जनावर काही सांगू शकत नाही आणि जखमेचा आकार हीच जी काय साक्ष असते ती लेपाखाली बुजून जाते. हातमोजे घालून, कुत्र्याचे तोंड मऊ कापडाने सैलसर बांधून जखमेभोवतीचे केस बाजूला करावेत आणि उजेडात दोन-तीन फोटो काढावेत.

त्यानंतर लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने जखम 15 मिनिटे धुवावी. चाव्याची नुसती शंका असली तरी रेबीजचा धोका धरूनच चालावे. कुत्र्याला आधी लस दिलेली असली तरी त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे, आणि त्याची लाळ कोणाच्या चिरलेल्या हाताला लागली असल्यास त्या माणसाने प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. माणसांची पॅरासिटामॉलची गोळी कुत्र्याला देऊ नये.

मानेवर किंवा पाठीवर जोडीजोडीने छिद्रे असतील, तर बहुधा दुसऱ्या कुत्र्याने धरले आहे. मोठे कुत्रे लहानाला तोंडात धरून झटकते, त्यामुळे वरचे छिद्र हरभऱ्याएवढे दिसले तरी आतली कातडी मांसापासून सुटलेली असू शकते, आणि नेमकी हीच जखम लोक किरकोळ समजतात. रानडुकराच्या सुळ्याने पोटाला किंवा मांडीला सुरीने कापल्यासारखी लांब चीर पडते. ओठांवर किंवा पंजावर भाजल्याचा डाग असेल, तर कुंपणाच्या तारेत सोडलेल्या करंटचा विचार करावा. भराभर वाढणारी सूज आणि न थांबणारे रक्त घोणस चावल्याचे लक्षण असू शकते. मण्यार चावल्यास मात्र सूज जवळजवळ नसते, पण पाय लुळे पडू लागतात. सापाची शंका आल्यावर शोध घेत बसू नये, थेट दवाखाना गाठावा.

कुत्रे सावरले, की त्याला उभे करून जमिनीपासून जखमेपर्यंतची उंची एका काडीवर खूण करून घ्यावी आणि ती काडी घेऊन त्याच्या रोजच्या वाटेने फिरावे. आमच्या कुत्रीच्या छातीत जानेवारीत भोक पडले, तेव्हा सगळे बिबट्याचेच नाव घेत होते. काडीवरची खूण जुळली ती धुऱ्यालगतच्या वावरात, विळ्याने तिरप्या कापलेल्या तुरीच्या खुंटाशी. त्याच्या टोकाला रक्त सुकले होते आणि तिचे चार पांढरे केस चिकटले होते. काटेरी तार, गोठ्यातला उचकटलेला पत्रा आणि पऱ्हाटीचा ढीगही असाच तपासावा.

वाटेवर काहीच सापडले नाही, तर कुत्र्याला दोन-तीन रात्री घरात ठेवावे. तरीही अंगावर नवे काळे-निळे डाग उठले किंवा हिरड्यांतून, नाकातून रक्त आले, तर कारण बाहेरच्या मारात नसून रक्तात असण्याची शक्यता मोठी असते. अशा वेळी कानामागे आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड पाहावे, घरात उंदराचे औषध कुठे ठेवले होते ते आठवावे आणि डॉक्टरांना या दोन्ही गोष्टी सांगून रक्ततपासणी करून घ्यावी.