दगड, जीवाश्म आणि परागकण वाचताना या चुका टाळा

पावसाळ्यात इंदूरहून पाताळपाणी, जानापाव, जाम दरवाजा किंवा मांडूकडे गेलेल्या कुटुंबाच्या पिशवीतून एखादा तरी वेगळा दिसणारा दगड घरी येतोच. त्यावर पानाची नक्षी असते, तो गोल गरगरीत असतो, किंवा फोडल्यावर आत स्फटिक चमकतात. मग तो जीवाश्म आहे का आणि किती जुना आहे, याची घरात चर्चा सुरू होते. या उत्सुकतेचे मला मनापासून कौतुक वाटते, कारण आपल्या माळवा-निमाड भागात, इंदूरपासून अडीचशे किलोमीटरांच्या आत, भीमबेटकाचे विंध्य वालुकाश्म, धार जिल्ह्यातील बाग या गावाच्या परिसरातील प्राचीन सागराची चुनखडी, डायनासोरच्या घरट्यांचे थर आणि त्या सर्वांनंतर पसरलेला काळा बेसाल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा खडक, असा पृथ्वीचा फार मोठा इतिहास उघडा पडलेला आहे. मात्र हौशी मंडळींच्या आणि शालेय प्रकल्पांच्या बाबतीत त्याच त्या चुका वारंवार होताना दिसतात, आणि त्यांतील बहुतेकींचे मूळ एकच असते: वस्तूकडे पाहिले जाते, पण ती ज्या थरात होती त्या थराकडे पाहिले जात नाही.

आकार दिसला म्हणजे जीव होता, असे मानणे

सर्वांत जास्त फसवणूक करते ती दगडावरची काळी, नेच्याच्या पानासारखी नक्षी. ती वनस्पती नसते. खडकाच्या भेगेत शिरलेल्या पाण्यातून मँगनीज आणि लोहाची संयुगे साचतात आणि फांद्या फुटत गेल्यासारखी पसरतात. उत्तर प्रदेशातील बांदा येथे केन नदीत मिळणारा ‘शजर’ नावाचा नक्षीदार अकीक याच प्रकारच्या खनिज-नक्षीसाठी ओळखला जातो. ओळखण्याची रीत सोपी आहे. दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्यावे आणि नक्षीला मधली शीर, देठ, पानाची निश्चित कडा आहे का, हे पाहावे. खनिजाच्या नक्षीत यांपैकी काहीही नसते, ती भेगेच्या कडेपासून आत वाढत गेलेली असते आणि बहुधा थरांना छेदणाऱ्या भेगेतही सापडते. पान मात्र गाळाबरोबर साचते, त्यामुळे त्याचा ठसा जवळजवळ नेहमी थराच्या सपाटीवरच मिळतो.

गोल दगडांबाबतही हेच घडते. धार जिल्ह्यातील नर्मदा खोऱ्यात टायटॅनोसॉर गटातील डायनासोरची 92 घरटी आणि 256 अंडी सापडल्याचे संशोधन जानेवारी 2023 मध्ये प्रसिद्ध झाले, आणि तेव्हापासून माळव्यातील प्रत्येक गोल दगड अंडे ठरू लागला. वास्तविक बेसाल्ट उघड्यावर झिजतो तेव्हा त्याचे चौकोनी ठोकळे कोपऱ्यांकडून अधिक वेगाने कुजतात, कांद्याच्या पापुद्र्यांसारखी एकावर एक साले सुटतात आणि मुरमात मध्यभागी टणक गोळा उरतो. घाटातील कोणत्याही रस्त्याच्या कापात असे गोळे ओळीने दिसतात. धारची अंडी लाव्हाखालच्या चुनखडीयुक्त थरात आहेत, बेसाल्टमध्ये नाहीत, त्यामुळे गोळा मुरमातून निघाला असेल तर प्रश्न तेथेच मिटतो. चुनखडीतील गोळ्याचाही केवळ आकार पाहून निर्णय करू नये. अंड्याला एक-दोन मिलिमीटर जाडीचे, बाहेरून बारीक पुटकुळ्या असलेले कवच असते, आणि खरी खात्री त्या कवचाचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहून, त्यातील रचना आणि हवेची छिद्रे तपासूनच होते. बेसाल्टच्या पोकळीतील स्फटिक, अकीक आणि झिओलाइट यांचा तर जीवाशी काहीही संबंध नाही; ती लाव्हातील वायूच्या बुडबुड्यांच्या जागी नंतर साचलेली खनिजे आहेत.

ही चूक केवळ हौशी माणसांचीच होते असे नाही. भीमबेटका येथील एका गुहेच्या छतावर डिकिन्सोनिया या सुमारे 55 कोटी वर्षांपूर्वीच्या प्राण्याचा ठसा असल्याचा दावा 2021 मध्ये एका मान्यवर नियतकालिकात छापून आला. जगभर त्याची बातमी झाली. पुढे दुसऱ्या संशोधकांनी प्रत्यक्ष जाऊन पाहिले तेव्हा तो आकार मधमाश्यांच्या पोळ्याचे छताला चिकटून राहिलेले अवशेष असल्याचे आढळले. 2023 मध्ये तसे प्रसिद्ध झाले आणि मूळ दावा करणाऱ्या संशोधकानेही ते मान्य केले. या प्रकरणात मला महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. तो ठसा खरा ठरला असता, तर तेथील वालुकाश्माचे वय 55 कोटी वर्षांच्या आसपास ओढले गेले असते, आणि ते खडक 100 कोटी वर्षांच्या घरातील आहेत हे दाखवणारा अन्य पुरावा बाजूला सारावा लागला असता. म्हणजे एका चुकीच्या ओळखीमुळे केवळ एका नमुन्याचे नव्हे, तर अख्ख्या खडकसमूहाचे वय चुकते.

वयासाठी चुकीचे घड्याळ वापरणे

‘कार्बन डेटिंग करून घ्या’ हा सल्ला डायनासोरच्या हाडापासून बेसाल्टपर्यंत सर्वांना सरसकट दिला जातो. कार्बन-14 चा अर्धायुकाल, म्हणजे तो निम्मा होण्यास लागणारा काळ, सुमारे 5,730 वर्षांचा आहे, त्यामुळे साधारण 50,000 वर्षांनंतर मोजण्याजोगे काही शिल्लकच राहत नाही. शिवाय ही पद्धत एके काळी जिवंत असलेल्या पदार्थाला लागू पडते, लाव्हाला नाही. लाव्हासाठी आर्गॉनवर आधारलेली पद्धत आणि झिर्कॉन या खनिजातील युरेनियम-शिशाचे प्रमाण ही घड्याळे वापरतात. गाळाच्या खडकाचे वय मात्र सहसा थेट मिळत नाही, ते वरच्या आणि खालच्या लाव्हाच्या किंवा राखेच्या थरांमध्ये पकडावे लागते.

जीवाश्मावरून थराचे वय ठरवायचे आणि पुन्हा त्या वयावरून जीवाश्माची ओळख पटवायची, हे वर्तुळ त्याहून घातक आहे. मध्य भारतातील विंध्य खडकांत मिळालेले सूक्ष्म जीवाश्म सुमारे 54 कोटी वर्षांपूर्वीच्या कँब्रियन काळाच्या आरंभाचे असल्याचे 1998 मध्ये सांगण्यात आले. त्यावर मोठा वाद झाला आणि ते जीवाश्मच नाहीत, असेही काहींनी म्हटले. 2002 मध्ये त्याच खडकसमूहातील ज्वालामुखीजन्य थरांतील झिर्कॉनचे वय सुमारे 160 कोटी वर्षे निघाले. अखेर 2009 मध्ये जीवाश्म अस्सल आहेत, पण 160 कोटी वर्षांचे आहेत, असे दाखवण्यात आले. 2017 मध्ये त्यांतील काही लाल शैवालासारखे असल्याचे वर्णन प्रसिद्ध झाले आणि त्यांतील एका प्रजातीला मूळ शोधकाचे नाव देण्यात आले. नमुना खरा होता, गृहीत धरलेले वय चुकले होते, आणि खऱ्या वयामुळे त्याचे महत्त्व कितीतरी वाढले. संशय आला म्हणून नमुनाच फेकून देणाऱ्यांनी हे प्रकरण लक्षात ठेवावे.

जाडी म्हणजे काळ नव्हे

घाटात वीस-तीस मीटर उंचीचा बेसाल्टचा थर आणि त्यावर जेमतेम हातभर जाडीचा विटकरी लाल पट्टा दिसला, तर बहुतेकांना मोठा काळ बेसाल्टमध्ये गेला असे वाटते. वस्तुस्थिती उलट असते. लाव्हाचा जाड प्रवाह भूशास्त्रीय दृष्टीने क्षणात पसरतो, आणि लाल पट्टा म्हणजे त्या प्रवाहाचा पृष्ठभाग उघडा राहून त्याची माती होण्याइतका मध्ये गेलेला काळ. या लाल पट्ट्यांत वाऱ्याने आलेल्या राखेतील झिर्कॉनही मिळतात, आणि त्यांच्याच साहाय्याने दख्खनच्या लाव्हाचे मुख्य उद्रेक सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी, दहा लाख वर्षांहूनही कमी काळात होऊन गेल्याचे ठरवता आले. अभ्यासासाठी फोटो घेताना सगळे जण उंच काळ्या कड्याचा घेतात आणि लाल पट्टा चौकटीबाहेर राहतो. तो आधी घ्यावा. काही ठिकाणी दोन प्रवाहांच्या मध्ये तळ्यात साचलेला गाळही मिळतो आणि त्यात गोड्या पाण्यातील गोगलगायी व वनस्पती जपलेल्या असतात. म्हणून ‘बेसाल्टच्या प्रदेशात जीवाश्म मिळत नाहीत’ हे विधानही सरसकट करू नये.

सुटा नमुना

ओंकारेश्वर-महेश्वरच्या पात्रातील गोटे कितीही देखणे असले, तरी ते नदीने कुठून आणले हे त्यांच्यावर लिहिलेले नसते. 1982 मध्ये सिहोर जिल्ह्यातील हथनोरा येथे मिळालेली मानवी कवटी भारताच्या दृष्टीने अमूल्य आहे, तरीही तिच्या वयाबद्दल एकमत होत नाही, कारण ती नर्मदेच्या भरड गोटे-वाळूच्या थरात होती आणि अशा थरात वेगवेगळ्या काळांतील हाडे एकत्र येऊ शकतात. नमुना उचलण्यापूर्वी त्याची जागा, थर, खालची-वरची बाजू आणि मोजपट्टीसह फोटो नोंदवला नसेल, तर पुढे कोणतीही प्रयोगशाळा ती माहिती भरून देऊ शकत नाही.

परागकणांच्या टक्केवारीतून थेट जंगल पाहणे

परागकण सहसा मिलिमीटरच्या शंभराव्या ते दहाव्या भागाएवढे असतात, पण त्यांचे कवच स्पोरोपोलेनिन या विलक्षण चिवट पदार्थाचे असते, त्यामुळे ते गाळात लाखो वर्षे टिकतात. स्वीडनचे लेनार्ट फॉन पोस्ट यांनी 1916 मध्ये थरागणिक परागकणांची टक्केवारी मांडून जुन्या वनांचा इतिहास काढण्याची रीत दाखवली. टक्केवारी हीच तिची ताकद आहे आणि हाच तिचा धोकाही आहे. गवताचा आकडा वर गेला की झाडांचा आकडा खाली जातोच, मग प्रत्यक्षात एकही झाड कमी झालेले नसो. यावर उपाय म्हणून नमुन्यात लायकोपोडियम या नेच्यासारख्या वनस्पतीचे बीजाणू ठरावीक संख्येने मिसळतात आणि त्यांच्या तुलनेत प्रत्येक जातीची खरी संख्या काढतात. ज्या आलेखात केवळ टक्केवारी आहे, त्यावरून ‘जंगल तुटले’ असा निष्कर्ष मी तरी मान्य करणार नाही.

शिवाय सर्व झाडे सारखे पराग उधळत नाहीत. चीडसारखी वाऱ्यावर अवलंबून असलेली झाडे अमाप पराग सोडतात आणि त्याला असलेल्या हवेच्या पिशव्यांमुळे तो फार दूरवर जातो, तर कीटकांवर अवलंबून असलेल्या वनस्पतींचा पराग थोडा आणि चिकट असतो. माळव्याचेच उदाहरण घ्यावे. येथे पावसाळ्यात दृष्टी पोहोचेल तिथवर सोयाबीन आणि हिवाळ्यात गहू असतो, आणि ही दोन्ही पिके बहुतांशी स्वपरागित आहेत. सोयाबीनच्या फुलातील पराग जवळजवळ फुलातच राहतो. आजच्या तळ्याचा गाळ हजार वर्षांनी कोणी तपासला आणि केवळ परागांवर विसंबला, तर या प्रदेशाचे सर्वांत मोठे पीक त्याच्या नजरेतून निसटण्याचीच शक्यता अधिक आहे. गवतवर्गीय पराग परस्परांसारखे दिसतात, त्यामुळे मोठ्या आकाराचा प्रत्येक कण गव्हाचा किंवा जवाचा समजणेही धोक्याचे असते.

नमुना कुठून घ्यावा, यात तर आपल्याकडे हमखास चूक होते. शेतातील काळी माती जुनी आहे म्हणून तिच्यात खड्डा खणला जातो. ही माती उन्हाळ्यात खोल भेगाळते, वरची माती पराग-बियांसह भेगांत पडते, पावसाळ्यात ती फुगून मिटते आणि वर्षानुवर्षे स्वतःलाच ढवळत राहते. मग थरांचा क्रम कसा टिकणार? लाल, हवा खेळणाऱ्या मातीत पराग ऑक्सिडीकरणाने कुजतात. तेथे पराग न मिळणे म्हणजे तेथे वनस्पती नव्हत्या, असा अर्थ मुळीच होत नाही. पराग टिकतात ते सतत पाण्याखाली राहिलेल्या, प्राणवायू न पोहोचणाऱ्या बारीक चिखलात.

इंदूर परिसरातील सिरपूर, बिलावली आणि यशवंतसागर हे तलाव म्हणून मोहात पाडतात, परंतु ते होळकर संस्थानाच्या काळात बांधलेले आहेत. त्यांच्या तळाचा मऊ गाळ शंभर-सव्वाशे वर्षांपलीकडचे काही सांगणार नाही, आणि त्या गाळाखाली लागणारी घट्ट, मुरूममिश्रित माती ही तलावापूर्वीची जमीन असते. ही सीमा न ओळखता दोन्ही एकाच आलेखात मांडल्यास हवामान अचानक पालटल्याचा भास होतो. पालटलेले असते ते केवळ साचण्याचे ठिकाण. अलीकडचा काळ तपासण्यासाठी मात्र हे तलाव उत्तम आहेत, कारण गाजरगवत भारतात 1950 च्या दशकाच्या मध्यावर पुण्यात प्रथम नोंदले गेले. त्याचा बारीक, काटेरी, गोल पराग त्यापूर्वीच्या थरात दिसला, तर थराचे वय तरी चुकलेले असते किंवा नमुन्यात आजची हवा तरी मिसळलेली असते.

हे मिसळणे टाळण्यासाठी कापाचा बाहेरचा दोन-तीन सेंटिमीटरांचा थर प्रथम आडव्या हाताने खरवडून काढावा, उभा खरवडू नये. नमुने खालून वर घ्यावेत, प्रत्येक नमुन्यानंतर सुरी पुसावी, पिशवी लगेच बंद करावी आणि आसपासच्या आजच्या मातीचाही एक नमुना तुलनेसाठी ठेवावा. पुढची प्रक्रिया घरी किंवा शाळेत करण्याची नाही. वाळू विरघळवण्यासाठी त्यात हायड्रोफ्लोरिक आम्ल लागते आणि ते त्वचेतून आत शिरून प्राणघातक ठरू शकते. नमुने विद्यापीठाच्या किंवा 1946 मध्ये स्थापन झालेल्या लखनौच्या बिरबल साहनी संस्थेसारख्या प्रयोगशाळेकडेच सोपवावेत.

बाग-कुक्षीच्या परिसरात खरोखरच अंडे, शंख किंवा शार्कचा दात दिसला, तर तो उकरू नये. तेथील संरक्षित क्षेत्रातून काहीही उचलण्यास मनाई आहे, आणि एरवीही फोटो, ठिकाण व थराची नोंद भूशास्त्र विभागाकडे पोहोचवणे अधिक उपयोगाचे असते. आधीपासून घरी असलेल्या नमुन्यावर व्हिनेगर, लिंबू किंवा टॉयलेट क्लीनर लावू नये, कारण चुनखडीतील कवच आणि भोवतालचा दगड दोन्ही आम्लात सारखेच विरघळतात. चमक यावी म्हणून तेल किंवा वार्निशही लावू नये; मऊ ब्रश, कोरडे कापड आणि ठिकाण-तारीख लिहिलेली चिठ्ठी एवढे पुरेसे आहे.