पारध इथे कधी सुरू होते, विचारणाऱ्यांसाठी

कोकणातून ठाण्यात घोडबंदर रोडला राहायला आलेल्या पोरांचा एक प्रश्न ठरलेला असतो. येऊरच्या रानात भेकर आहे, चितळ आहे, मग इथला शिकारीचा हंगाम कुठला? कुठलाच नाही. गावीही नाही, तिथे फक्त कोणी बोलत नाही, एवढंच. आजोबा परवान्याच्या गोष्टी सांगतात त्या खऱ्या आहेत, पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ साली दुरुस्ती झाली आणि हौसेच्या शिकारीचे परवाने संपले.

ठासणीची बंदूक गावी ठेवून आलो म्हणजे सुटलो, असं समजू नका. फासा लावणं, रान उठवणं, आमिष टाकणं, घरटं मोडणं, अंडी उचलणं हे सगळं कायद्याच्या लेखी शिकारच. नेम चुकला तरी प्रयत्न केलाच ना! गलोलीने पाडलेलं कबुतर किंवा सोसायटीच्या गच्चीवरून एअरगनने टिपलेला पोपट, दोन्हींना तोच कायदा. आणि येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. उद्यानात शिकार केली तर किमान तीन वर्षं कैद, सात वर्षांपर्यंत जाऊ शकते. शिवाय जिथे भेकर तिथे बिबट्या, हे गाववाल्यांना वेगळं सांगायला नको.

आता डब्याबद्दल. शिमग्याहून परतताना काका प्रेमाने रानडुकराचं मटण बांधून देतात. नको म्हणा. मांस तुमच्याकडे सापडलं तर ते कायदेशीर आहे हे तुम्हालाच सिद्ध करावं लागतं. पिकाची नासाडी होत असेल तर वनखात्याच्या परवानगीने डुक्कर मारता येतं, पण ती सोय शेतीसाठी आहे, आणि मेलेलं डुक्कर सरकारचं. सांबराचं शिंग रानात गळून पडलेलं असलं तरी उचलून आणू नका. मोराचं गळलेलं पीस मात्र चालतं. पिंजऱ्यातला पोपट, भाचीने कितीही हट्ट केला तरी, विकत घेऊ नका. कोणी विकताना किंवा फासे लावताना दिसलं तर १९२६ वर फोन करा, वनखात्याचा तो नंबर फुकट आहे.

बघण्याचा हंगाम मात्र इथे मोठा आहे. कर्नाळ्याच्या पक्षी अभयारण्यात थंडीत पहाटे जा. ठाणे खाडीत रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, साधारण नोव्हेंबरपासून येतात, मे अखेरपर्यंत बरेचसे असतात. ही खाडी २०१५ पासून अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेली. ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून बोट सुटते. ती भरतीच्या वेळेवर अवलंबून असते, तेव्हा आदल्या दिवशी वेळ विचारून मगच निघा.