वरच्या खोलीतला कूलर

आमच्या नागपुरातल्या धरमपेठेतल्या घरी वरच्या खोलीत आयर्लंडहून इंग्रजी शिकवायला आलेली एक मॅडम भाड्याने राहते. परदेशी पाहुण्याची नोंद २४ तासांत ऑनलाइन करावी लागते, ती केली. खरी परीक्षा मे महिन्यात झाली. पारा ४५ वर. सकाळचे क्लास आटोपून बिचारी दुपारी पडायची, पण झोप नाही. "आंटी, कूलर खराब आहे."

पंप पाहिला, पाणी नीट पडत होतं. बाजूच्या गवताच्या ताट्याही नव्याच. आत गेले तर चादर हाताला ओलसर लागली. तिनं एसीसारखी दारं-खिडक्या घट्ट लावून फटीत टॉवेल कोंबला होता! कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या गवतातून ओढतो, पाणी वाफ होऊन उडतं म्हणून ती गार होते. त्या दमट हवेला बाहेर जायला वाट नसली की खोली चिकचिकते. मी समोरची खिडकी वीतभर उघडली. पडदा बाहेरच्या बाजूला फुगला आणि पाचदहा मिनिटांत खोली गार. हे मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं.

पाऊस लागला की पंप बंद ठेवून नुसता पंखा चालवायचा, तेही आता सांगून ठेवलंय.