कारखान्याची कॉर्पोरेट फिल्म करून घेताना

पुण्याजवळच्या चाकण, भोसरी किंवा रांजणगाव परिसरातील एखादा लघुउद्योजक कंपनीची फिल्म करून घ्यायचे ठरवतो, तेव्हा आमच्यासारख्या निर्मिती संस्थेला त्याचा पहिला प्रश्न बहुधा "तीन मिनिटांच्या फिल्मचे किती घेता?" असा असतो. या प्रश्नाचे सरळ उत्तर देता येत नाही, कारण खर्च मिनिटांवर ठरत नाही; शूटचे दिवस, कॅमेरे आणि माणसे, ॲनिमेशन, आवाजाच्या भाषा यांवर तो ठरतो. म्हणून कोटेशन मागण्यापूर्वी फिल्म कोण पाहणार आहे, हे स्पष्ट सांगावे. परदेशी खरेदी अधिकाऱ्याला तपासणीची यंत्रणा पाहायची असते, तर आयटीआय करून आलेल्या मुलाला आपण कुठे उभे राहून काम करणार, कॅन्टीन कसे आहे, हे जाणून घ्यायचे असते. यंत्रे तीच असली तरी या दोन फिल्मा वेगळ्या होतात, आणि एकाच फिल्ममध्ये दोघांना बसवण्याचा आग्रह धरला तर ती दोघांच्याही उपयोगाची राहत नाही.

दुसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. अंतिम मंजुरी कोणाची, हे एका नावानिशी पर्चेस ऑर्डरमध्येच लिहून टाकावे. एका कामात मार्केटिंगच्या अधिकाऱ्यांनी रफ कट, म्हणजे फिल्मची पहिली कच्ची जुळणी, मंजूर केला, त्यावर आवाज रेकॉर्ड झाला, आणि मग मोठ्या साहेबांनी फिल्म पहिल्यांदा पाहून "हे जुने शेड कशाला दाखवले?" असे विचारले. निम्मी फिल्म त्याच शेडमध्ये चित्रित झाली होती. पुन्हा दोन दिवस शूट करावे लागले आणि त्याचे पैसे कोणी द्यायचे, यावरून कित्येक महिने पत्रव्यवहार चालला. मंजुरीचे नाव मी कागदावर घेतले नव्हते, ही चूक माझीच होती. तेव्हापासून साहेबांना वेळ नसेल, तर निदान स्क्रिप्टवर त्यांची सही मिळेपर्यंत मी शूटची तारीख देत नाही.

स्क्रिप्टबाबत एक हिशेब ध्यानात ठेवावा. निवेदन मिनिटाला साधारण १२० शब्दांच्या गतीने ऐकायला बरे वाटते, म्हणजे तीन मिनिटांत फार तर साडेतीनशे शब्द बसतात, आणि यंत्राचा आवाज किंवा नुसते दृश्य बोलू द्यायचे असेल तर त्याहून कमी. कंपनीचा सगळा इतिहास त्यात मावत नाही. मजकूर उत्पादन विभागातील अभियंत्याने वाचलाच पाहिजे. कास्टिंगला (ओतकामाला) फोर्जिंग (ठोकून घडवणे) म्हटलेले सामान्य प्रेक्षकाला कळणार नाही, पण ज्या ग्राहकासाठी फिल्म केली त्याच्या ते पहिल्याच क्षणी लक्षात येते.

शूटपूर्वी रेकीसाठी, म्हणजे जागेच्या पाहणीसाठी, अर्धा दिवस द्यावा. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने ट्यूबलाइट किंवा स्वस्त एलईडीखाली चित्र लुकलुकते, म्हणून कॅमेऱ्याचे शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवून आधी चाचणी घ्यावी लागते. कॉम्प्रेसरच्या आवाजात मुलाखत घेता येत नाही. भोसरी-चाकण पट्ट्यातील बहुतेक कारखान्यांना गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते. संचालकांच्या मुलाखती त्या दिवशी आणि चालू यंत्रांची दृश्ये कामाच्या दिवशी, अशी विभागणी केली की दोन्ही कामे नीट होतात. कामगारांनाही आधी कल्पना देऊन त्यांची संमती घ्यावी.

कारखान्याने करायची तयारी किरकोळ वाटते, पण फिल्मचा दर्जा तिच्यावरच ठरतो. सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) यंत्राच्या दाराची काच कूलंटने, म्हणजे यंत्रात थंडाव्यासाठी सोडलेल्या द्रवाने, माखलेली असेल, तर आतले काम दिसतच नाही. एका शूटमध्ये आमचा सर्वांत सुंदर क्लोजअप फेकून द्यावा लागला, कारण ऑपरेटरने गॉगल कपाळावर चढवलेला होता. सुरक्षेच्या बाबतीत काटेकोर असलेल्या ग्राहकाला असे दृश्य दाखवता येत नाही. यंत्राला चिकटवलेल्या ड्रॉइंगवर ग्राहकाचे नाव आणि पार्ट नंबर असतो, तो झाकावा, आणि सुटा भाग दाखवायचा असल्यास त्या ग्राहकाची लेखी परवानगी घ्यावी.

ड्रोन हवा असेल तर ड्रोन नियम, २०२१ नुसार डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर आपली जागा कोणत्या झोनमध्ये येते, हे पाहावे. विमानतळाच्या आसपासचा काही भाग यलो झोन असतो आणि तेथे हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. पुण्याच्या लोहगाव विमानतळावर तर हवाई दलाचा तळही आहे, त्यामुळे या बाबतीत घाई करू नये.

रफ कट आला की पाच जणांनी व्हॉट्सॲपवर पाच वेगवेगळ्या सूचना पाठवू नयेत. सर्वांच्या सूचना एका यादीत, "१ मिनिट १२ सेकंद : येथे जुना लोगो दिसतो" अशा नेमकेपणाने द्याव्यात. करेक्शनच्या दोन फेऱ्या कोटेशनमध्ये धरलेल्या असाव्यात आणि तिसरीचा दर आधीच ठरलेला असावा.

पैशांसाठी निम्मी रक्कम ॲडव्हान्स, काही शूट झाल्यावर आणि उरलेली अंतिम फाइल मिळताना, ही पद्धत दोघांनाही सोयीची आहे. त्यावर १८ टक्के जीएसटी धरावा. निर्मिती संस्था सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेली असेल, तर २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावे लागते.

हक्कांचे कलमही वाचून घ्यावे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे, उलट करार नसल्यास मोबदला देऊन करून घेतलेल्या फिल्मचा पहिला मालक ती करून घेणाराच असतो. संगीताचा परवाना मात्र वेगळा असतो; तो केवळ वेबसाइटपुरता आहे की प्रदर्शन आणि टीव्हीसाठीही चालेल, हे विचारून घ्यावे. कच्च्या फुटेजचेही लिहून ठेवावे. १०० एमबीपीएसने (सेकंदाला १०० मेगाबिट) चित्रित केलेल्या एका तासाला ४५ जीबी जागा लागते, म्हणजे दोन दिवसांच्या शूटचे सहा-सात तास तीनशे जीबीच्या आसपास जातात, आणि कोणतीही संस्था ते कायम सांभाळत नाही. पुढच्या वर्षी नवी फिल्म करताना तेच फुटेज लागते, म्हणून अंतिम बिल देताना स्वतःची हार्ड डिस्क देऊन त्याची एक प्रत मागून घ्यावी.