हिरवा झेंडा दाबण्याआधी

मुलांचा स्क्रॅचचा पहिला तास घेणार असाल तर ही तयारी. स्क्रॅच म्हणजे रंगीत ब्लॉक एकमेकांना जोडून पडद्यावरचं मांजर चालवायचं, आणि त्यातून प्रोग्रामिंग शिकायचं सॉफ्टवेअर; हिरवा झेंडा हे त्यातलं ‘चालू’चं बटण. चार्ज केलेले लॅपटॉप, माउस, हे सांगायला नको. दोन मुलांत एक लॅपटॉप पुरतो, फक्त दर पाच मिनिटांनी माउस दुसऱ्याच्या हातात गेला पाहिजे, नाहीतर एक जण तासभर नुसता बघत बसतो. इंटरनेटच्या भरवशावर राहू नका. स्क्रॅच आधीच उतरवून घ्या आणि प्रत्येक लॅपटॉपवर एकदा उघडून बघा. हो, प्रत्येक.

मुलं पाच ते सात वर्षांची असतील तर टॅबवर स्क्रॅचज्युनियर, म्हणजे स्क्रॅचचंच लहानांसाठीचं रूप. त्यात ब्लॉकवर शब्दांऐवजी चित्रं असतात, त्यामुळे वाचता येण्यावाचून अडत नाही. आठच्या पुढे स्क्रॅच.

आता मी विसरलो होतो ते. सुरुवातीच्या जागेचे ब्लॉक. हिरव्या झेंड्याच्या ब्लॉकखाली सगळ्यात आधी ‘गो टू एक्स ० वाय ०’ (मांजर मधोमध) आणि त्याला लागून ‘पॉइंट इन डायरेक्शन ९०’ (तोंड उजवीकडे). हे दोन ब्लॉक आधी, मग काय हवं ते.

गेल्या वेळी तिसरीच्या मुलांनी मांजर चालवलं, टाळ्या वाजवल्या, पुन्हा झेंडा दाबला. मांजर आधी जिथे पोचलं होतं तिथूनच पुढे निघालं. तिसऱ्या-चौथ्या वेळेला वर्गातली सगळी मांजरं उजव्या कडेला चिकटलेली, नुसती शेपटी दिसतेय, आणि चहूकडून “सर, बिघडलं!” मी बाकाबाकाशी जाऊन एकेक मांजर माउसने ओढून मध्ये आणत बसलो. अर्धा तास त्यातच गेला, आणि मुलं एवढंच शिकली की मांजर अडकलं की सरांना हाक मारायची. घरी तालीम केली नव्हती असं नाही. पण दर वेळी माझा हात मांजराला आपोआप मध्ये ओढून आणत होता, ते माझ्या लक्षातच आलं नाही. म्हणून तालीम करताना स्टेजवरच्या, म्हणजे मांजर फिरतं त्या चौकटीतल्या, मांजराला हात लावायचा नाही. झेंडा तीनदा दाबा. तिन्ही वेळा तेच घडलं तरच तयारी झाली.

हिरवा झेंडा म्हणजे ‘पुन्हा पहिल्यापासून’ नव्हे. तो त्याच्याखाली जोडलेले ब्लॉक चालवतो, बस्स. मांजर फिरलेलं असेल तर फिरलेलंच राहतं, मोठं केलं असेल तर मोठंच. एका मुलीने मांजर लपवणारा ‘हाइड’ लावून बघितला, मग काढून टाकला, तरी मांजर गायबच. डोळ्यांत पाणी. ‘शो’ लावल्याशिवाय ते येणार नव्हतं. पेनने काही काढणार असाल तर आधीच्या रेघा पुसणारा ‘इरेज ऑल’सुद्धा वरच. स्क्रॅचज्युनियरमध्ये सगळ्यांना जागेवर आणणारं बटण आहे, स्क्रॅचमध्ये तसं बटण नाही.

हे पडद्यावर समजावू नका, आधी वर्गात चालून दाखवा. तुम्ही रोबॉट व्हा. एका जोडीने कार्डं मांडायची: चार पावलं पुढे, उजवीकडे वळ, दोन पावलं पुढे. दारापाशी पोचलात की तिथेच उभे राहा आणि त्याच कार्डांवर परत चाला. भिंतीवर आपटा. “अहो, आधी जागेवर जा ना!” असं कुणीतरी ओरडतंच. ते वाक्य फळ्यावर लिहा आणि त्याच्यासमोर ‘गो टू’ ब्लॉक काढा. वळणंही इथेच करून घ्या, कारण या वयात कोन शिकवलेला नसतो. ‘पाव गिरकी म्हणजे ९०’ एवढं पुरे. ‘संगणकीय विचार’ (प्रश्न संगणकाला करता येतील अशा पायऱ्यांत मांडणं) हा शब्द मात्र मुलांसमोर काढू नका. संगणकशास्त्रज्ञ जॅनेट विंग यांच्या २००६ च्या लेखापासून तो आपल्या बैठकांत भरपूर फिरतोय, तिथेच राहू द्या.

स्टेज ४८० बाय ३६० पावलांचं आहे, म्हणजे मधून उजवी कड २४० वर. पावलं त्या हिशेबात द्या, हजार लिहिणारं एक पोर निघतंच. दहा पावलांचे तीन ब्लॉक एकाखाली एक लावले की मांजर चालताना दिसत नाही, एकदम तीस पावलं पुढे उमटतं; मध्ये थांबवणारा छोटा ‘वेट’ टाका. हा प्रश्न येणार म्हणजे येणारच.

मग तेच ब्लॉक पुन्हा पुन्हा चालवणाऱ्या ‘रिपीट’ने चौरस. चूक झाली तर ब्लॉक एकेक वाचायला लावा, तुम्ही माउसला हात लावू नका. ‘इफ’ (अमुक झालं तर तमुक कर) पुढच्या तासाला. आवाज शेवटची पाच मिनिटं, त्याआधी दिलात तर तास संपला समजा.

सेव्ह: फाइलला जोडीची नावं. आणि मांजर कडेला असताना सेव्ह केलं तर पुढच्या वेळी फाइल उघडल्यावर ते कडेलाच सापडतं. वरचे दोन ब्लॉक आहेत ना, ते सेव्ह करण्याआधी प्रत्येक लॅपटॉपवर बघून घ्या.