हाय-एंड ऑडिओ सिस्टिम निवडताना: आधी खोली, मग स्पीकर, मग बाकीचं

चांगली सिस्टिम घ्यायची ठरली की बहुतेक जण अ‍ॅम्प्लिफायर किती वॅटचा, इथपासून चौकशी सुरू करतात. माझा आग्रह आहे की सुरुवात मोजायच्या टेपने करा. खोलीची लांबी, रुंदी, उंची मोजून कागदावर लिहा. कितीही पैसे ओतले तरी शेवटी तुम्ही ऐकणार असता ते स्पीकर आणि खोली दोघांनी मिळून काढलेला आवाज, आणि त्यातले खालचे स्वर, म्हणजे बेस, तर मुख्यतः खोलीच ठरवते.

हे कसं, ते साध्या भागाकारातून कळतं. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर असतो. त्याला खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागा. ४ मीटर लांबीसाठी उत्तर येतं ४३ हर्ट्झ, म्हणजे बेस गिटारच्या सर्वांत खालच्या स्वराच्या अगदी जवळ. या फ्रिक्वेन्सीला ती खोली स्वतःच घुमते. एका जागी बसलं तर तो स्वर अंगावर येतो, दोन पावलं सरकलं की नाहीसा होतो. रुंदी आणि उंचीचेही असेच आकडे काढा. तिन्ही वेगवेगळे आले तर बरं. चौरस खोलीत दोन आकडे एकावर एक बसतात आणि घुमणं जास्त त्रास देतं. अशा खोलीसाठी अवाढव्य टॉवर स्पीकर घेऊ नका.

मग खोलीच्या मध्यभागी उभं राहून एक कडक टाळी वाजवा. टाळीमागून झण्ण असा धातूसारखा आवाज आला तर समोरासमोरच्या भिंती फार उघड्या आहेत. पुस्तकांनी भरलेलं कपाट, जाड गालिचा, गादीचा सोफा यांनी पुष्कळ फरक पडतो. पातळ पडदे फक्त वरचे स्वर शोषतात, बेसवर त्यांचा काही परिणाम होत नाही.

आता फक्त संगीत ऐकायचं आहे की सिनेमाही बघायचा आहे, हे ठरवून टाका. मुख्यतः संगीतच असेल तर तेवढ्याच पैशांत पाच-सात मध्यम स्पीकर घेण्यापेक्षा दोन उत्तम घ्यावेत.

स्पीकर

बजेटचा निम्मा तरी भाग स्पीकरसाठी राखून ठेवा, थोडा जास्त गेला तरी हरकत नाही. दोन चांगल्या अ‍ॅम्प्लिफायरमधला फरक ओळखायला कान टवकारावे लागतात, दोन स्पीकरमधला फरक शेजारच्या खोलीतूनही कळतो.

माहितीपत्रकात आधी सेन्सिटिव्हिटी बघा: १ वॅट दिल्यावर १ मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज मिळतो तो आकडा. आवाज ३ डेसिबलने वाढवायचा तर दुप्पट वॅट लागतात, १० डेसिबलने वाढवायचा तर दहापट. म्हणजे ८४ डेसिबलच्या स्पीकरला ९० डेसिबलच्या स्पीकरइतका आवाज काढायला चौपट ताकद हवी. ५० ऐवजी १०० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर घेतल्याने मात्र जेमतेम ३ डेसिबल पदरात पडतात. सेन्सिटिव्हिटी माहीत नसताना वॅटची चर्चा करण्यात अर्थ नाही.

दुसरा आकडा इम्पिडन्सचा, म्हणजे स्पीकर विजेच्या प्रवाहाला किती विरोध करतो त्याचा. स्पीकरवर ८ ओहम लिहिलेलं असलं तरी काही फ्रिक्वेन्सींना तो ३-४ ओहमपर्यंत उतरू शकतो. किमान किती, हे विचारा, आणि अ‍ॅम्प्लिफायर ४ ओहमवर बिनधास्त चालतो याची खात्री करून घ्या.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ध्वनिशास्त्रज्ञ फ्लॉइड टूल यांनी १९८०च्या दशकात कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये स्पीकर पडद्याआड ठेवून लोकांना ऐकवले. नाव, आकार, किंमत काहीच दिसत नसताना लोकांच्या पसंतीत आश्चर्यकारक एकमत निघालं: समोरून सपाट (म्हणजे सगळे स्वर सारख्याच जोराने वाजवणारा) आणि बाजूंनाही एकसारखा उतरत जाणारा प्रतिसाद देणारे स्पीकर त्यांना आवडले. म्हणून समोरच्या मोजमापाबरोबर बाजूच्या कोनांतले आलेखही मागा. बाजूंना गेलेला आवाजच भिंतींवर आपटून तुमच्या कानांपर्यंत येत असतो.

ऐकून पाहताना

शोरूमचं डेमो संगीत नको, स्वतःच्या ओळखीची रेकॉर्डिंग न्या. नुसता मानवी आवाज असलेलं एखादं गाणं हवंच, कारण आवाज कृत्रिम झाला की कानाला लगेच खटकतं. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांची ती झणझणती गुंज, वरच्या स्वरांची परीक्षा घेते. ती मोकळी, पसरलेली लागायला हवी, टोचायला नको. डग्ग्याचा घुमारा ऐकताना बोटाचा आघात आणि मागची घुमणूक वेगवेगळी कळते का बघा. नुसतंच ढबढब येत असेल तर पुढचा स्पीकर बघा.

दोन स्पीकरची तुलना करताना आवाजाची पातळी मोजून सारखी करा, मोबाइलवरचं मीटरही चालेल. किंचित मोठ्याने वाजणारा स्पीकर नेहमीच चांगला वाटतो आणि त्या फरकावर चुकीचे निर्णय होतात. अर्धा तास तरी सलग ऐका, पहिल्या पाच मिनिटांत चकचकीत वाटणारा ट्रेबल (वरचे स्वर) नंतर थकवतो. आणि घरी नेऊन ऐकण्याची किंवा परत करण्याची सोय मिळत असेल तर ती सोडू नका. निकाल तुमच्याच खोलीत लागतो.

बाकीचं

डॅकवर, म्हणजे डिजिटल फाइलचं कानाला ऐकू येणाऱ्या सिग्नलमध्ये रूपांतर करणाऱ्या भागावर, डोकं शिणवू नका. १९८२ मध्ये आलेल्या सीडीचं १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ हे मापही माणसाच्या ऐकण्याची पूर्ण पट्टी सांभाळतं, आणि आजचे साधे डॅकसुद्धा ते नीट वाजवतात. पाच-सात मीटरपर्यंत २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पुरेशी आहे, महागड्या केबलचे पैसे गालिच्यावर घाला. रेकॉर्ड प्लेअर घेणार असाल तर फोनो स्टेज (रेकॉर्डचा क्षीण सिग्नल वाढवणारा भाग) तुमच्या कार्ट्रिजच्या, म्हणजे सुई बसवलेल्या भागाच्या, प्रकाराला चालणारा हवा.

सबवूफर (फक्त बेस वाजवणारा वेगळा स्पीकर) घेतला तर त्याची जागा अशी शोधा: तो तुमच्या बसण्याच्या खुर्चीवर ठेवा, बेस भरपूर असलेलं संगीत लावा आणि भिंतींच्या कडेने रांगत ऐका. जिथे बेस सर्वांत सारखा आणि स्वच्छ लागेल तिथे सबवूफर ठेवा. रूम करेक्शन (माइकने खोलीतला आवाज मोजून तो आपोआप दुरुस्त करणारी सोय) असलेला अ‍ॅम्प्लिफायर बेसचे उंचवटे छान कापतो, पण खड्डे भरू शकत नाही, त्यासाठी सबवूफर किंवा खुर्चीच हलवावी लागते.

घरी आल्यावर दोन स्पीकर आणि तुम्ही असा समभुज त्रिकोण करा, ट्वीटर (वरचे स्वर काढणारा स्पीकरचा लहान भाग) कानाच्या उंचीवर आणा. स्पीकर मागच्या भिंतीला जितका जवळ तितका बेस फुगतो, म्हणून हाताच्या रुंदीएवढा पुढे-मागे सरकवत ऐका. मग कुणाला तरी बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा. खुर्चीतून आरशात ज्या ठिकाणी स्पीकर दिसेल, तिथे जाड कापडाचं पॅनेल किंवा पुस्तकांचं कपाट लावा. दुसऱ्या बाजूच्या भिंतीवरही तेच करा.