घोट्याच्या फ्रॅक्चरनंतर फिजिओथेरपीचं दुखणं कसं हाताळावं

प्लास्टर निघालं की सुटलो, असं प्रत्येकाला वाटतं. मलाही वाटलं होतं. सहा आठवड्यांनी प्लास्टर कापलं तेव्हा आतून जो पाय बाहेर आला तो ओळखू येईना. पोटरी बारीक झालेली, कातडीचे पापुद्रे सुटलेले आणि घोटा गंजलेल्या बिजागरीसारखा घट्ट. फिजिओ म्हणाल्या, "पाऊल स्वतःकडे ओढा." मी सगळा जोर लावला. बोटं तेवढी वर झाली, पाऊल जागच्या जागी. हाड जुळणं वेगळं आणि पाय चालता होणं वेगळं, हे तिथे बसल्या बसल्या समजलं.

पुढच्या काही महिन्यांत मी दोन्ही चुका केल्या. आधी दुखेल म्हणून व्यायाम टाळला, मग मागचं भरून काढायला एकदम जास्त करायला गेले आणि तीन दिवस पाय टेकवेना. खाली लिहिलंय ते या चुकांमधून आणि फिजिओंनी शिकवलेल्यातून आलेलं आहे. हाड किती जुळलं आणि पायावर किती वजन टाकायचं, हे मात्र तुमचे डॉक्टरच तपासून आणि एक्स-रे पाहून ठरवतील. त्यांनी 'अजून वजन नको' म्हटलं असेल, तर उभं राहून करायचं इथलं काहीही करू नका.

पायरी १: दुखतंय ते नक्की काय, हे समजून घ्या

घोटा म्हणजे नडगीचं हाड, त्याच्या बाजूचं बारीक हाड आणि या दोघांच्या खाचेत बसलेलं पावलाचं हाड. हा सांधा कित्येक आठवडे हलला नाही की त्याभोवतीचं आवरण आकसतं, पोटरीचे स्नायू रोडावतात आणि पोटरीला टाचेशी बांधणारी जाड शीर आखडते. व्यायाम करताना बहुतेक वेळा हेच सगळं ओढलं जातं आणि दुखतं.

धडधाकट घोटा पाऊल वर सुमारे २० अंश उचलतो आणि खाली सुमारे ५० अंश झुकवतो. साधं चालायला वरचे १० अंश तरी लागतात, जिना उतरायला त्याहून जास्त. प्लास्टरनंतर नेमकं हे वर उचलणंच अडतं आणि परत यायला वेळ घेतं. म्हणून फिजिओ तिथे जोर देतात. हे कळलं की 'आत पुन्हा काही मोडलं की काय' ही धास्ती कमी होते. धास्तीने आवळून धरलेला पाय जास्तच दुखतो, हा माझा अनुभव आहे.

पायरी २: दुखण्याला नेमका शब्द द्या

नुसतं "दुखतंय" म्हणून फिजिओंच्या हाती काही लागत नाही. मराठीत दुखण्याला किती तरी शब्द आहेत, ते वापरा.

ओढ लागणं, ताण बसणं, पोटरी भरून येणं, अवघडणं हे कामाचं दुखणं. पोटरीत लांबलचक पट्टा ताणल्यासारखं वाटतं आणि ताण सोडला की थोड्याच वेळात ओसरतं. याला घाबरून व्यायाम सोडू नका.

ठुसठुस आणि ठणका बहुतेक वेळा सुजेमुळे असतो. दिवसभर पाय खाली सोडून बसलात की संध्याकाळी तो हमखास येतो. पाय उंच ठेवून उतरला तर व्यायामाला दोष देऊ नका.

सणक, चमक, एकाच जागी सुरी लागल्यासारखी कळ आली तर तिथेच थांबा. त्याच हालचालीत पुन्हा आली तर तो व्यायाम बाजूला ठेवून फिजिओंना विचारा. पाऊल वर घेताना घोट्याच्या पुढच्या बाजूला चिमटा बसल्यासारखं टोचत असेल, तर तेही सांगा. पावलाचा कोन बदलून तोच व्यायाम वेगळ्या तऱ्हेने करून घेता येतो.

आग होणं, मुंग्या येणं, बधिरपणा हे नसांचं बोलणं. ऑपरेशन झालेलं असेल तर टाक्यांच्या आसपास हे बऱ्याच जणांना होतं. मला पायजम्याची कड घासली तरी अंगावर काटा यायचा. त्यावर उपाय साधा होता. जखम पूर्ण भरल्यावर त्या जागेवर रोज काही मिनिटं आधी कापूस, मग सुती कापड, मग जाडसर टॉवेल हलक्या हाताने फिरवायचा. आधी नकोसं वाटतं, पण कातडी हळूहळू स्पर्शाला सरावते.

पायरी ३: आकडा द्या आणि सकाळची वाट पाहा

सगळ्यात महत्त्वाची पायरी ही.

० म्हणजे अजिबात दुखत नाही आणि १० म्हणजे सहन होण्यापलीकडचं. व्यायाम करताना ३ पर्यंत असेल तर खुशाल चालू ठेवा. ४ किंवा ५ असेल तर जपून, आणि थांबल्यावर ते लवकर उतरायला हवं. त्यावर गेलं तर ताण कमी करा किंवा थांबा.

पण करतानाचा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. व्यायाम पचला की नाही, हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं. उशाशी वही ठेवा आणि पाय जमिनीवर टेकवण्याआधी घोटा चाचपून आकडा लिहा. माझ्या वहीत नोंदी अशा असायच्या: "करताना ५, रात्री ३, सकाळी २." म्हणजे ठीक. "करताना ३, रात्री ५, सकाळी ५, खोबण दिसत नाही." खोबण म्हणजे घोट्याच्या हाडामागचा खळगा. तो सुजेने भरला की आदल्या दिवशी जास्त झालं, असं समजायचं.

सकाळी कालच्या सकाळइतकंच दुखत असेल तर आज तेवढंच करा. जास्त दुखत असेल किंवा सूज वाढली असेल तर आज निम्मं करा, पण पूर्ण बंद करू नका. दोन-तीन सकाळी चांगल्या गेल्या की एकच गोष्ट वाढवा: आवर्तनं, ताण किंवा चालण्याची वेळ. तिन्ही एकदम वाढवली तर कशाने बिघडलं ते कळत नाही.

पायरी ४: व्यायामाच्या आधी घोटा सैल करून घ्या

थंड, आखडलेल्या घोट्याला थेट ताण देऊ नका. १० ते १५ मिनिटं कोमट पाण्यात पाय ठेवा, जखम भरलेली असेल तरच. पावलाला बधिरपणा असेल तर पाणी आधी हाताने पाहा, पायाला चटका कळणार नाही. मग पाय लांब करून पाऊल २० वेळा वर-खाली हलवा.

डॉक्टरांनी वेदनेची गोळी दिली असेल तर ती कधी घ्यायची हे त्यांना विचारा. पॅरासिटामॉलसारख्या गोळीचा असर व्हायला अर्धा-पाऊण तास लागतो, त्यामुळे व्यायामाच्या तेवढं आधी घेतलेली बरी. सर्दी-तापाच्या बऱ्याच गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, दोन्ही मिळून मात्रा वाढू देऊ नका. कळ मारून टाकून वाटेल तेवढा जोर लावायला गोळी वापरणं मात्र साफ चूक आहे.

पायरी ५: ताण देताना श्वास सोडा

टॉवेलचा व्यायाम घ्या, कारण तोच सगळ्यांना जड जातो. पाय लांब करून बसा, टॉवेल चवड्यामागून घाला आणि दोन्ही टोकं हातात धरा. श्वास घ्या आणि सोडता सोडता टॉवेल अंगाकडे ओढा. पहिली ओढ लागली की तिथेच थांबा, आणखी ओढू नका. २० ते ३० सेकंद तसंच धरून शांत श्वास चालू ठेवा. दहा-पंधरा सेकंदांनी ओढ आपोआप थोडी सैलावल्यासारखी वाटते, तेव्हाच हवं तर किंचित पुढे जा. झटके देऊ नका. गुडघा सरळ ठेवून तीन वेळा करा, मग थोडा वाकवून तीन वेळा, कारण पोटरीचे दोन मुख्य स्नायू आहेत आणि गुडघा वाकवल्याशिवाय खालच्याला नीट ताण बसत नाही.

करताना स्वतःचा चेहरा आठवा. दात आवळलेले असतील, खांदे कानाशी गेले असतील, श्वास कोंडला असेल, तर तुम्ही प्रमाणाबाहेर ओढताय. मोठ्याने आकडे मोजा, मोजताना श्वास कोंडता येत नाही.

दिवसातून एकदा तासभर करण्यापेक्षा तीन-चार वेळा दहा-दहा मिनिटं केलेलं घोट्याला मानवतं.

पायरी ६: वजन टाकायची भीती वजनकाट्यावर घालवा

परवानगी मिळाली तरी पाय टेकवायला मन धजत नाही. घरातला वजनकाटा आणि त्याच उंचीची जाड वही शेजारी ठेवा. टेबलाला धरून चांगला पाय वहीवर, दुखरा काट्यावर ठेवा आणि हळूहळू भार द्या. काटा किती दाखवतो आणि तेव्हा किती दुखतं, दोन्ही लिहा. वीस किलोला २ दुखलं, हे डोळ्यांनी पाहिलं की पाय टेकवायचं धाडस येतं. डॉक्टरांनी ठरवलेल्या मर्यादेत राहा.

एकच काठी असेल तर ती चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात धरा. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी.

पायरी ७: नंतर निववा

व्यायामानंतर घोटा छातीपेक्षा उंच राहील असा पाय उशांवर ठेवा. बर्फ कापडात गुंडाळून १५ मिनिटं लावा, थेट कातडीवर नको. बधिर जागेवर तर अजिबात नको. संध्याकाळची सूज सहा महिने, कधी वर्षभरही राहते. तिच्यामुळे खचू नका.

हे झालं तर व्यायाम थांबवून डॉक्टरांकडे जा

पोटरी एकाएकी दुखू लागली, गरम, लाल किंवा टणक झाली तर रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी दाखवा. सोबत छातीत दुखत असेल किंवा धाप लागत असेल, तर तडक इमर्जन्सीत जा. ताप, जखमेतून पू किंवा पाणी, पडल्यानंतर पाय टेकवता न येणं, यांतही वाट पाहू नका. आणखी एक लक्षण उशिरा ओळखलं जातं. दुखापतीच्या मानाने फारच आग होणं, पावलाचा रंग बदलणं, दुसऱ्या पायापेक्षा ते गार किंवा गरम लागणं, घाम येणं, वाऱ्याची झुळूकही न सोसणं. हे नसांशी संबंधित वेगळं दुखणं असू शकतं आणि जितक्या लवकर दाखवाल तितकं बरं.

पायरी ८: भिंतीवर मोजा

मध्ये असे दोन-तीन आठवडे येतात की काहीच पुढे सरकत नाही असं वाटतं आणि दुखणं मात्र रोजचं. तेव्हा, उभं राहायची पूर्ण परवानगी असेल तर, दर रविवारी हे करा. भिंतीसमोर पाऊल ठेवा, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा. टेकतोय तोवर पाऊल थोडं थोडं मागे घ्या आणि अंगठा ते भिंत हे अंतर पट्टीने मोजा. चांगल्या पायाचंही मोजून ठेवा. पहिल्या रविवारी माझा गुडघा भिंतीला टेकलाच नाही. तिसऱ्या रविवारी दोन सेंटिमीटर. सातव्या रविवारी सहा, आणि चांगल्या पायाचं अंतर नऊ होतं. मधल्या आठवड्यांच्या सकाळच्या आकड्यांत तेवढा फरक दिसला नव्हता, तो पट्टीवर दिसला.